रिकामे दोन आठवडे

२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि मी ते खिशात घालून नुसता हिंडतोय, हे आधीच कबूल करतो. लिहायला रोज बसतो. कालही बसलो होतो, तर पेन कोरडं पडलेलं. ते आणायला खाली उतरलो, तर एक माणूस सायकलवर लांबलचक शिडी आडवी घेऊन निघालेला. तो कोपऱ्यावरून वळणार कसा ते बघत उभा राहिलो. (वळला नाही. भिंतीला टेकवून शिडीशीच भांडत बसला.) मग पेन राहिलं.

पण खरं कारण ते नाही. तू लिहिलंस, "दिवस गेलेत. तिसऱ्यांदा. हे आणि तू सोडून कुणाला सांगितलेलं नाही. अभिनंदन लिहू नकोस." आता अभिनंदन लिहायचं नाही म्हटल्यावर माणसानं लिहावं काय? दोन वेळा लिहिलं होतं आणि दोन्ही वेळा ते पत्र नको त्या दिवशी तुझ्या हातात पडलं, ते मला ठाऊक आहे. म्हणून लिहीत नाही. लिहिलेलं नाही असं समज.

बाकी तुझा प्रश्न सोपा आहे. तू विचारलंयस, "तू तिथे बाळाचे नमुने रंगवतोस ना, मग सांग, आत्ता ते कसं दिसतं. पुस्तकं मी उघडत नाही, त्यात काय काय बिघडतं तेवढंच असतं."

तर ऐक. आमचा कारखाना म्हणजे एक लांब खोली, वर माळा, माळ्यावर मी. शाळा-कॉलेजांसाठी इथे शरीराचे नमुने होतात. सकाळी आलं की टेबलावर शंभरभर कान वाळत पडलेले असतात, त्यांच्यासमोर खाजगी बोलायची चोरी. मालकीणबाई साचे करतात, म्हणून सगळे त्यांना साचेबाई म्हणतात. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "याआधी काय काय केलंस?" मी सांगत गेलो, सांगत गेलो. त्या म्हणाल्या, "इतकी कामं? म्हणजे एकही येत नसणार." मी म्हटलं, "म्हणून तर अजून शोधतोय." त्यांनी हातात कुंचला दिला.

आमच्याकडे काचेचं एक कपाट आहे. त्यात अगदी सुरुवातीपासून जन्मापर्यंत ओळीनं नमुने मांडलेत, प्रत्येकाखाली आठवड्याची पट्टी. पहिला नमुना चेंडूएवढा, पण साचेबाई म्हणतात, खरा तो जीव पूर्णविरामाच्या टिंबाहून बारीक. आईचं बीज आणि बापाचं बीज एक झालं की त्याचे दोन भाग होतात, दोनाचे चार, चाराचे आठ, असं करत तुतीच्या फळासारखा गोळा होतो. आणि ताई, मला हे माहीतच नव्हतं, तो गोळा एका जागी नसतो! नळीतून गडगडत निघालेला असतो, ना घर ना दार. जवळजवळ आठवडाभर असा हिंडतो आणि मग कुठे गर्भाशयाच्या भिंतीला चिकटून मुळं धरतो. म्हणजे आपण सगळेच आधी भटके. मी फक्त सवय सोडली नाही, एवढंच.

तुझा विषय राहिलाच. मला म्हणतेस ना, नमनालाच घडाभर तेल. तुझ्या डॉक्टरीणबाईंच्या हिशेबानं या आठवड्यात आठवा लागतोय. आमचा आठवा नमुना मी याच हातांनी रंगवलाय. अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा असेल. हातापायांची बोटं सुटी झालेली, चक्क मोजता येतात. मधे जी शेपटी असते ती गेलेली. कपाळ मोठं, नाक नकटं, चेहरा माणसाचा. हृदय तर कधीपासून सुरू आहे, चौथ्यापासूनच. मी त्याला गालावर जरा गुलाबी दिलं होतं, साचेबाईंनी पुसायला लावलं. "अजून लाजायचं वय नाही त्याचं," म्हणाल्या.

तर असं आहे तुझं. बोटं मोजून ठेव.

तुझा,
भोवरा


१ मार्च

भोवऱ्या,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं विचारू नकोस. उशीखाली ठेवलं होतं. ह्यांनी विचारलं, "काय आहे?" मी म्हटलं, "बोटं." हल्ली मी काहीही बोलले तरी हे मान हलवतात आणि चहा करून आणतात. चहा इतका वाईट असतो की त्यावरून भांडायचीही ताकद राहत नाही.

काल सोनोग्राफी झाली. मी पडद्याकडे बघणार नव्हते. पण तुझी ती बोटं डोक्यात बसलेली, म्हणून बघितलं. काळ्या पिशवीत एक पांढरा ठिपका, आत काहीतरी लुकलुकत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे ठोके." मी विचारलं, "बोटं कुठे आहेत?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आत्ता कुठली बोटं? वल्ह्यासारखे पंजे असतील. सगळं मिळून घेवड्याच्या दाण्याएवढं आहे."

घेवड्याचा दाणा, भोवऱ्या. तू अख्खं पेर लिहिलं होतंस. मी घरी येऊन माझ्या अंगठ्याला पट्टी लावून बघितलं. निम्मं आहे. निम्मंच.

पहिल्या वेळी असंच झालं होतं. तेव्हाही ठोके होते. तेव्हाही "जरा लहान वाटतंय, बघू" म्हणाल्या होत्या आणि पुढच्या खेपेला वाढ थांबली होती. या वेळी "लहान" म्हणाल्या नाहीत, पण तोंडावर कोण म्हणेल? तू म्हणशील, विचारायचं होतंस. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना. ते नको होतं.

पुढची तपासणी महिन्याच्या शेवटी. तोवर मी पडून राहणार आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, हिंडा-फिरा, कामावर जा. मी चष्म्याच्या दुकानात रजा टाकली. मालकांना सांगितलं, कंबर धरलीय. तर ते म्हणाले, "बसून काम करा." तरी रजा घेतलीच. दिवसभर गिऱ्हाइकांना "वरची ओळ वाचा, आता खालची वाचा" करायचं आणि डोक्यात घेवड्याचा दाणा! कुणाच्या नाकावर भलताच नंबर बसायचा. आता मी खाटेवरून न्हाणीघर आणि न्हाणीघरातून खाट, एवढीच जाते. तेसुद्धा भिंतीला धरून. शिंक आली तरी दाबते.

तू चांगल्या मनानं लिहिलंस. पण आता कपाटातलं काही लिहू नकोस. मीच विचारलं होतं, माझंच हात दाखवून अवलक्षण.

ताई


९ मार्च

ताई,

पत्र मिळाल्यावर मी माळ्यावरून उडीच मारली आणि कपाट उघडलं. पट्टी पुन्हा वाचली. आठवा आठवडा. नमुना हातात घेतला. बोटं आहेत. शेपटी नाही. मापात मी काही फेकलेलं नाही. फेकलेलं असतं तर किती बरं झालं असतं!

आधी वाटलं तुला लिहावं, की मी पट्टी चुकीची वाचली, सातव्याची आठवी समजलो. तसं पत्र लिहिलंही. मग फाडलं. तू लगेच ओळखलं असतंस, लहानपणी काच फुटली की मी वाऱ्याचं नाव सांगायचो तसं.

साचेबाईंना विचारावं म्हणून दोनदा खाली गेलो. एकदा त्या दाताचा साचा फोडत होत्या. दुसऱ्यांदा नुसत्या बसल्या होत्या, तरी विचारलं नाही. आपण दोघं एकाच आईची पोरं आहोत.

इथे आता मला सहाव्या महिन्याचा नमुना दिलाय. त्याच्या पापण्यांवर बारीक केस काढायचेत, उंदराच्या मिशीएवढ्या कुंचल्यानं. काल तीनदा पुसलं. रस्त्यावर जाऊन स्टेशनपर्यंत चालून आलो, फलाटावर उभा राहिलो, गाडी आली, गेली, परत आलो. परवाही तेच.

जास्त लिहीत नाही. तपासणी झाली की एक ओळ टाक. एकच शब्द टाकलास तरी चालेल. टाक मात्र.

भोवरा


१ एप्रिल

अरे भोवऱ्या!

बस आधी. बसलास? काल तपासणी झाली आणि मी एवढी हसले, एवढी हसले, की डॉक्टरीणबाईंनी मला पाणी दिलं.

क्रमानं सांगते. मी डोळे मिटून पडले होते. यंत्र पोटावर फिरत होतं आणि ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटांत मुंग्या आल्या. डॉक्टरीणबाईंनी पडदा स्वतःकडे वळवला. मग म्हणाल्या, "हे बघा, हात वर केलाय." मी डोळे उघडले. हात होता! पाच बोटांचा! आणि ते आतमध्ये उड्या मारत होतं, मला काहीही कळत नव्हतं, मी आपली लाकडासारखी पडलेली आणि ते आत कोलांट्या मारतंय. ह्यांनी विचारलं, "हे आमचंच ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही, शेजारच्यांचं."

मग मी रडत रडत तुझं पत्र काढलं. हो, पर्समध्ये होतं. त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, माझ्या भावानं आठव्याला बोटं लिहिली होती, तुम्ही वल्ही म्हणालात, मग महिनाभर मी काय मेल्यासारखी जगले ते मला माहीत. त्यांनी पत्र वाचलं. तुझी ती शिडीवाली गोष्टही वाचली. आणि म्हणाल्या, "तुमचा भाऊही बरोबर आणि मीही बरोबर."

अरे, त्यांची मोजणीच वेगळी आहे! डॉक्टर लोक मोजायला सुरुवात करतात ती पाळीच्या पहिल्या दिवसापासून. कारण बाईला तोच दिवस आठवतो, बीज कधी फळलं ते कुणाला कळतंय? आणि बीज फळतं त्यानंतर दोनेक आठवड्यांनी. म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात कुणीसुद्धा नसतं, तरी हजेरी लागते! तुमच्या कपाटात मात्र बीज फळल्यापासून मोजतात. म्हणून तुमचा आठवा म्हणजे यांचा दहावा. मी यांच्या आठव्यात तुमच्या आठव्याची बोटं शोधत बसले होते. माझ्या बाळाला दोन आठवड्यांनी मोठं व्हायला सांगत होते बिचाऱ्याला, आणि झालं नाही म्हणून त्याच्यावर पाणी सोडून बसले होते.

मी म्हटलं, "हे आधी सांगायला काय झालं होतं?" त्या म्हणाल्या, "तुम्ही आधी विचारायला काय झालं होतं?"

आणि तुला एक ओळसुद्धा टाकली नाही मी इतके दिवस. लिहायला घेतलं की कागद पुन्हा घडी करून ठेवायचे. रागावू नकोस. आता लगेच लिही, आणि सगळं लिही. तुमच्या हिशेबानं अकरावा. बघ काय काय आलंय.

तुझी,
ताई


२ एप्रिल

ताई,

एक ओळ आली नाही. एक शब्दही नाही. मला कळायचं ते कळलं.

तुला लिहायला लावत नाही. मागच्या दोन्ही वेळी तू अशीच गप्प झाली होतीस आणि मग भावोजींचं दोन ओळींचं पत्र आलं होतं. या वेळी ते यायच्या आत मी इथून निघतोय. त्या कपाटासमोर मला बसवत नाही. नमुने सगळे माझ्याकडेच बघतात असं वाटतं, विशेषतः आठवा. मी तुला बोटं मोजायला सांगितली.

नदीवरच्या एका पुलाला रंग द्यायला माणसं हवीत म्हणे. तिथून कुठे ते माहीत नाही. पत्ता नाही. साचेबाईंना म्हटलं, जातो. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. पण एवढ्यात वाटलं नव्हतं."

मला माफ कर असंही लिहीत नाही. तू करशील, म्हणूनच.

भोवरा


२२ मे

भोवऱ्या,

हे पत्र कारखान्याच्या पत्त्यावरच टाकतेय, दुसरा पत्ता तू ठेवला आहेस कुठे? याआधीचं एक तिथेच पडलं असेल. तुझं दोन तारखेचं इथे आलं आणि मी कपाळाला हात लावला. दोन पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं तुझ्याकडे हसत येत होतं, तुझं माझ्याकडे रडत.

पायाला भिंगरी आहेच तुझ्या, पण निदान चार दिवस थांबायचंस रे! आता तू कुठल्या तरी पुलावर लोंबकळत एका बाळासाठी तोंड पाडून बसला असशील, आणि ते बाळ इथे माझ्या पोटात लाथा घालतंय. हे कुणाला सांगू?

हो, लाथा. पंधरवडा झाला. आधी वाटलं पोटात वारा धरलाय. बुडबुडा फुटल्यासारखं काहीतरी. मी नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून पडले होते. पुन्हा बुडबुडा. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी उताणी होऊन कपबशी पोटावर ठेवली होती, ती खडखडली. मी ह्यांना हाक मारली. ते धावत आले, त्यांना वाटलं झालं पुन्हा. मी म्हटलं, "बशीकडे बघा." आम्ही दोघं बशीकडे बघत बसलो. चहा गार झाला. बरंच झालं.

दुसरं गेलं होतं तो महिना मागे पडला. मी तो कॅलेंडरवर बघितलाच नाही, ह्यांनी पान फाडून टाकलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता अंगावर लव आलीय, आवाज ऐकू यायला लागतील, वार भक्कम आहे, नाळ भक्कम आहे, सगळ्यात नाजूक तुम्हीच आहात. मला म्हणतात, "बाळ हलतंय, तुम्ही कधी हलणार?" मी म्हटलं, हलले आणि काही झालं तर? त्या म्हणाल्या, "बसून राहिलात आणि काही झालं तर?"

पण अजून पाय उंबऱ्याबाहेर टाकवत नाही. दारापर्यंत जाते, चप्पल घालते, पुन्हा काढते. ह्यांना वाटतं सुधारणा आहे.

माझं हे बारकं माणूस आत एवढं धडपडतंय आणि त्याच्या मामाला पत्ताच नाही. तुला ठाऊक होईपर्यंत मला ते पूर्णपणे खरं वाटणार नाही. विचित्र आहे, पण आहे. तू पहिल्यांदा त्याला बोटं दिलीस ना.

कुठे आहेस रे?

ताई


३ जुलै

ताई,

मी कारखान्यात आहे. माळ्यावर. तुझी दोन्ही पत्रं समोर आहेत. थांब, नीट लिहितो.

पुलाचं काम संपलं. मुकादम म्हणाला, चल पुढच्या पुलावर, तिथे हवा छान आहे. मी पेटी उचलली, चाललो, आणि गाडी आली ती उलट्या दिशेची. तीत बसलो. का बसलो ते मला सांगता येणार नाही, मुकादमालाही सांगता आलं नाही. वाटेत एक बाई बदकांची टोपली घेऊन चढली, त्यातलं एक सुटलं आणि सगळा डबा त्याच्यामागे. ते राहू दे. बदकाचं पुढे कधीतरी सांगेन.

आज दुपारी इथे आलो. साचेबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "आलास? हात धू. तुझी दोन पत्रं आहेत."

मी म्हटलं, "दोन?"

"दोन. मी दुसऱ्याची पत्रं उघडत नाही. पण जाड आहेत. वाईट बातमी एवढी जाड नसते."

मी हात धुतले नाहीत. जिन्यातच फोडलं. आधी मेमधलं फोडलं, चुकून, आणि पहिलं वाक्य डोक्यात शिरेचना. लाथा? कुणाच्या लाथा? मग एप्रिलमधलं. मग पुन्हा मेमधलं. मग मी जिन्यात बसलो आणि माझं मलाच कळेना, हसतोय की काय करतोय. साचेबाई खालून म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटलं, "बशी खडखडली!" त्या म्हणाल्या, "हे पोर कामातून गेलं."

तीन महिने, ताई! मी पुलाच्या कठड्याला तीन महिने हिरवा रंग देत होतो आणि प्रत्येक खांबाला मनात एकच बोलत होतो. ते तुला सांगणार नाही. आता त्याची गरजही नाही. वाया गेलं सगळं, आणि मला कधी इतका आनंद झाला नव्हता काही वाया गेल्याचा.

साचेबाईंना मोजणीचं विचारलं, या वेळी ताबडतोब, हात धुता धुता न्हाणीघराच्या दारातूनच. त्या म्हणाल्या, "अरे, दोन्ही मोजण्या चालतात. आम्ही साच्याला धरून मोजतो, दवाखाना बाईला धरून मोजतो." मी म्हटलं, मग पट्टीवर तसं लिहायला काय होतं? त्या म्हणाल्या, "आजवर कुणी बहिणीला लिहून पाठवलं नव्हतं." तरी संध्याकाळपासून मला तेच काम दिलंय. प्रत्येक पट्टीवर दोन आकडे. मी मोठ्या अक्षरांत काढतोय, दुकानाच्या पाटीएवढ्या.

आता तुझं. तुमच्या हिशेबानं सव्वीस-सत्तावीस. मी तो नमुना आत्ता उचलून आणलाय, शेजारी ठेवलाय. ताई, या सुमाराला पापण्या उघडतात. इतके महिने मिटलेल्या असतात, चिकटलेल्याच, आणि आता उघडतात. आत बघण्यासारखं काय आहे देव जाणे, पण तुझंच पोर, डोळ्यांच्या दुकानातलं, ते बघणारच. हाताची मूठ वळतं. अंगठा चोखतं. उचकी लागते त्याला, तुला जाणवत असेल, ठराविक ठेक्यात येते ती. घाबरू नकोस, उचकीच आहे. आणि खरंच आहे की नाही ते डॉक्टरीणबाईंना विचार. विचार हं.

उद्या पहाटेच्या गाडीनं मी निघतोय, थेट तुझ्याकडे. हे पत्र माझ्या आधी पोचणार नाही, तरी लिहितोय, कारण लिहिल्याशिवाय निघालो तर वाटेत कुठे उतरेन याचा माझा मलाच भरवसा नाही. तू दारापर्यंत येतेस ना चप्पल घालून? तेवढंच ये. उंबऱ्याच्या आत थांब. बाहेरचं मी बघतो. तुला काही आणायचं असेल तर

थांब, खाली कुणी आलंय. कारखाना बंद झाल्यावर कोण आलं? कॉलेजवाले आले असतील, त्यांची अर्धी डोकी तयार आहेत.

कॉलेजवाले नाहीत. बाई आहेत कुणीतरी. साचेबाई म्हणतायत, "अहो, आधी बसा, इतक्या लांबून अशा अवस्थेत आलात? एकट्या?" आणि त्या म्हणतायत, "एकटी कशाला, हे सामान उतरवतायत. मला बसायचं नाही. गाडीत बसूनच आले. तुमच्याकडे एक रंग देणारा होता, लांबट तोंडाचा, एका जागी न टिकणारा. तो कुठे गेला एवढं सांगा. पत्रांना उत्तर नाही. पूल कुठला, नदी कुठली, तेवढं सांगा, मी तिकडे जाते."

ताई, हा तुझा आवाज आहे.

साचेबाई वर बघतायत. बोटानं माळा दाखवतायत. माळ्याच्या फटीतून मला खाली कानांचं टेबल दिसतंय, त्याला धरून तू उभी आहेस, पुढे हे एवढं पोट, पायांत प्रवासाची धूळ, आणि मान वर करून ओरडतेयस, "भोवऱ्या! खाली उतरतोस की मी वर येऊ?"